सात साड्यांची सतरंजी: चार इंच कुठे गेले?

आषाढात एका सकाळी काकींच्या मागावर कडेचा एक धागा तुटला. त्यांनी गाठ मारली आणि पुढे विणायला घेतलं. दुपारपर्यंत त्याच कडेचे आणखी दोन तुटले, संध्याकाळी दुसऱ्या कडेचा एक. दुसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला. "गो, सूत कुजलासा दिसता. येवन बघ मगे," एवढंच त्या बोलल्या. आवाज नेहमीचा नव्हता.

काकी म्हणजे माझ्या चुलत सासूबाई. देवगड तालुक्यात खाडीच्या काठाला त्यांचं घर आहे. घरामागच्या मांगरात, जिथे पूर्वी गवत आणि नांगर असायचे, तिथे आता त्यांचा माग आहे. मी स्वतः विणकाम शिकले ती घाटावर. लग्न होऊन इकडे आल्यावर त्यांना मागावर बसवलं तेही मीच. त्यामुळे या प्रकरणात मी बाहेरची नाही. जी चूक झाली, तिच्यातला थोडा वाटा माझ्या शिकवण्याचाही आहे, तो पुढे येईल.

मागावर होती ती साधी सतरंजी नव्हती. मे महिन्यात मुंबईहून एक ताई गावी आल्या होत्या. त्यांची आई गेल्या वर्षी गेली. त्यांनी आईच्या सात साड्या एका पिशवीत घालून आणल्या आणि काकींच्या पुढ्यात ठेवल्या. या साड्या कुणाला देववत नाहीत, ट्रंकेत ठेवल्या तर कसर लागेल. तुम्ही चिंध्यांच्या सतरंज्या विणता, तर या सातांची एक होईल का? चतुर्थीला येईन तेव्हा न्यायची. चार फूट बाय सहा फूट. एकच अट, सातांपैकी एकही वगळायची नाही.

काकींनी हो म्हटलं. नंतर मला म्हणाल्या की नाही म्हणायला तोंडच उघडलं नाही.

साड्यांबद्दल नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच अवलंबून आहे. दोन सुती नववारी, एक लाल आणि एक हिरवी. तीन सुती पाचवारी: पिवळी, निळ्या चौकड्यांची आणि पांढरीवर बारीक फुलांची. उरलेल्या दोन जॉर्जेटच्या, एक मोरपंखी, एक गुलाबी. वापरून वापरून सुती साड्यांचा मधला भाग विरला होता. अशा विरलेल्या कापडाची पट्टी मागावर ठोकताना तुटते, म्हणून तो भाग काढून टाकावाच लागतो.

साडीचं कापड पातळ. चादरीच्या पट्ट्या इंच-सव्वा इंचाच्या चालतात, साडीच्या तेवढ्याच कापल्या तर सतरंजी फडक्यासारखी होते. म्हणून पट्टी तीन इंच रुंद कापायची आणि ती विणताना आपोआप दुमडली जाते. साधारण साडेपाच मीटर लांब आणि ४५ इंच पन्ह्याच्या साडीच्या अशा पंधरा पट्ट्या निघतात, म्हणजे ८२ मीटर. नववारीच्या सव्वाशेच्या आसपास. सातांचा हिशेब साडेसहाशे मीटरच्या पुढे जातो. विरलेला भाग, फाटके काठ आणि जरीचे कडक पदर बाजूला काढल्यावर आमच्या हातात राहिली ५४० मीटर पट्टी.

आता लागणार किती? अशा पट्टीच्या इंचाला पाच ओळी बसतात. ७२ इंचांना ३६० ओळी. ४८ इंच रुंदीत प्रत्येक ओळीला साधारण ५२ ते ५३ इंच पट्टी जाते, कारण ती ताण्याच्या, म्हणजे मागावर उभ्या ताणलेल्या धाग्यांना वळसे घालत जाते. एकूण झाले ४८० मीटरच्या थोडं वर. म्हणजे हातात पन्नास-साठ मीटर जास्तीचे. चांगला हिशेब होता. पण काकींच्या डोक्यात दुसराच आकडा राहिला: साड्या संपल्या तर दुकानात मिळणार नाहीत. बाजारात सूत मिळतं, रंग मिळतो. गेलेल्या बाईची साडी कुठून आणणार? हा विचार त्यांच्या बोटांत उतरला होता, आणि ते आम्हाला कुणालाच दिसलं नाही.

पूर्वतयारी त्यांनी निर्दोष केली होती. लाल नववारी फार नेसलेली नव्हती, म्हणून ती आणि पांढरी एका सतरंजीत घालायची तर रंगाची भीती होती. ओला पांढरा रुमाल लालवर दाबून ठेवला, तर गुलाबी डाग आला. शेजारच्या एका बाईंनी मीठ घालून भिजवायला सांगितलं. मिठाच्या पाण्यात रंग तेवढ्यापुरता कमी सुटतो खरा, पण पुढच्या साध्या पाण्यात तो पुन्हा सुटतो. काकींनी ती साडी गरम पाण्यात साबण घालून पाच वेळा धुतली. पाचव्या वेळी बादलीतलं पाणी स्वच्छ राहिलं आणि मगच कात्री लावली. जुलैत इथे कपडा वाळवणं हेच मोठं काम असतं. या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पट्ट्यांचे गुंडे दमट असतानाच गुंडाळले असते तर आत बुरशी धरली असती, म्हणून त्या चुलीवरच्या दोरीवर तीन रात्री टांगल्या. आजही त्या सतरंजीला नाक लावलं तर धुराचा पुसट वास येतो.

ताणाही नीट होता. दहा नंबरचं सहापदरी सुती सूत इचलकरंजीहून मागवलेलं. दहा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या दहा लड्या. सहा पदर एकत्र पिळले की पौंडात १४०० वार राहतात. इंचाला आठ धागे, म्हणजे ४८ इंचांना ३८४ आणि दोन्ही कडांना दोन-दोन जादा, असे ३८८. झालर, मागावर वाया जाणारा तुकडा आणि नमुन्यासाठी एक फूट धरून साडेतीन वार लांब. सगळा ताणा मिळून जेमतेम साडेचारशे ग्रॅम भरला.

नमुन्यासाठी एक फूट ताणा राखला होता. पण नमुना विणलाच नाही. पूर्ण रुंदीचा सहा इंच नमुना म्हणजे तीस ओळी, चाळीस मीटर पट्टी. काकींनी मनातल्या मनात ते चाळीस मीटर वाचवले आणि थेट सतरंजीला सुरुवात केली.

मी पोचले तेव्हा पाऊस ओतत होता. एकोणीस इंच विणून झालं होतं. रंग इतके सुरेख लागले होते की आधी मी तेच बघत राहिले: हिरव्याशेजारी पिवळा, मध्येच मोरपंखीची झळाळी, मग लाल. मग कडा दिसल्या. त्या खाडीच्या किनाऱ्यासारख्या आत-बाहेर जात होत्या. सुरुवातीचे चार इंच सरळ, आणि तिथून पुढे सतरंजी अरुंद होत गेलेली.

टेप लावला. पहिल्या चार इंचांत रुंदी सव्वासत्तेचाळीस. पंधराव्या इंचाला साडेत्रेचाळीस. दोन ठिकाणी, जिथे जॉर्जेटचे पट्टे होते, तिथे एक्केचाळीसच्या जरासं वर. फणीत, म्हणजे ओळ ठोकून बसवायच्या दात्यांच्या चौकटीत, मात्र ताणा पूर्ण ४८ इंच पसरलेला. म्हणजे कडेचे धागे फणीतून निघून विणलेल्या कापडाकडे येताना तिरके येत होते. फणी प्रत्येक ओळीला पुढे-मागे होते आणि तिचा दाता त्या तिरक्या धाग्यावर घासतो. शंभर ओळींत शंभर वेळा घासल्यावर धागा तुटणारच. मधला एकही धागा तुटला नव्हता, तुटलेले चारही कडेचे होते. सूत कुजलं असतं तर ते कुठेही तुटलं असतं.

पण काकींना हे पटेना. त्यांच्या दृष्टीने गुन्हेगार पाऊस होता. ताणा हाताला दमट लागत होता, सकाळी तर तो वीणेच्या तारेसारखा ताठ असे. आणि फणसाच्या लाकडाचा माग, तो पावसात फुगतो, दरवाजे फुगतात तसा. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. लाकूड फुगतं ते आडवं, लांबीत ते जवळजवळ वाढत नाही, त्यामुळे मागाच्या दोन रुळांमधलं अंतर काही बदललं नव्हतं. तरी ताणा ताठ होत होता, हेही मी हाताने तपासलं होतं.

याचं उत्तर मी देण्याआधी पडवीत बसलेल्या आबांनी दिलं. आबा शेजारचे, आयुष्यभर मासेमारी केलेले. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि आबा जाळं दुरुस्त करायला काकींच्या पडवीत येऊन बसतात. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "सुती दोर भिजलो काय आवळता. तुटणा नाय. उलट भिजलेलोच घट." त्यांच्या लहानपणी जाळी सुताची आणि तागाची असत, ती ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळून काळपट करत, कारण भिजून भिजून ती कुजू नयेत. कुजायला महिने लागतात. दहा दिवसांत नवं सूत कुजत नाही.

आबांचं म्हणणं कापूस जाणणाऱ्या कुणालाही मान्य होईल. कापसाचा धागा ओला झाला की कोरड्यापेक्षा जास्त ताण सोसतो, लोकर आणि रेशीम याच्या उलट वागतात. पाणी पिऊन तंतू जाड होतात, पिळलेल्या धाग्यात त्यांना जागा हवी असते, म्हणून धागा लांबीने आखडतो. सकाळी ताणा ताठ होण्याचं कारण एवढंच. त्यावर उपाय सोपा आहे: रात्री उठताना मागच्या रुळाची खिट्टी एक दात सैल करून ठेवायची आणि सकाळी लागेल तेवढी आवळायची. हे मी काकींना शिकवताना सांगायला विसरले होते. घाटावर त्याची एवढी गरज पडत नाही, म्हणून माझ्या बोलण्यात ते आलंच नाही. ताठ ताण्याने घासणाऱ्या धाग्यांना आणखी त्रास दिला, हे मला मान्य आहे. पण चार इंच रुंदी त्याने खाल्ली नव्हती.

मग मी एक गोष्ट केली, जी कुणीही करू शकतो. पहिल्या चार इंचांतली एक ओळ कडेपासून कडेपर्यंत उसवून काढली आणि ती पट्टी जमिनीवर न ताणता सरळ ठेवून मोजली. बावन्न इंच. मग पंधराव्या इंचाजवळची एक सुती ओळ उसवली. अठ्ठेचाळीस इंच.

बरोब्बर फणीतल्या ताण्याच्या रुंदीइतकी. म्हणजे काकींनी पट्टी या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ रेषेत, काटेकोर घातली होती. एक इंचसुद्धा जास्त नाही.

या सतरंजीत ताणा दिसत नाही, तो सरळ उभा राहतो आणि बाण्याने, म्हणजे आडव्या पट्टीने, झाकला जातो. झाकायचं काम बाण्याचं, म्हणून वळणंही त्यालाच घ्यावी लागतात: एका धाग्यावरून, पुढच्याच्या खालून, असं ३८८ वेळा. सरळ घातलेली पट्टी फणीने ठोकली की तिला वळायला लांबी हवी असते. ती पट्टीत नसेल तर ती कडा आत ओढून घेते. अठ्ठेचाळीस इंच पट्टीला दहापैकी एक भाग वळणांत गेला की उरतात साडेत्रेचाळीस, आणि टेपवर तेच होते.

काकी तो आकडा बघत राहिल्या. मी विचारलं, "पहिले चार इंच तुम्ही छान सैल घातलेत. पुढे काय झालं?" त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या की चार इंच झाल्यावर हिरवीचा गुंडा बघितला, तो केवढा तरी लहान झालेला दिसला. जीव घाबरला. तेव्हापासून त्यांनी पट्टी जपून घालायला सुरुवात केली. कडेला वळताना नीट बसावी म्हणून एक छोटा हिसकाही द्यायच्या. "माउलीचा लुगडा ता. फुकट कित्याक घालवू?"

मला याचं फार वाईट वाटलं. इतकी वर्षं विणणाऱ्यांच्या चुका बघते आहे. आळसाने होतात, घाईने होतात, कधी मोबाईल बघत विणल्याने होतात. ही चूक जिव्हाळ्याने झाली होती. प्रत्येक ओळीत चार-साडेचार इंच वाचवताना त्या स्वतःला शाबासकी देत असणार. साऱ्या सतरंजीत मिळून ही बचत चाळीस मीटरच्या आसपास झाली असती, म्हणजे अर्धी साडी. आणि ती अर्धी साडी वाचवून ताईंच्या हाती अरुंद, कडा कुरतडल्यासारखी दिसणारी सतरंजी गेली असती.

जॉर्जेटचे पट्टे आणखी आत का गेले, हे वेगळं होतं. दिवसभर चुरगळलं तरी ते कापड सरळ राहतं, याचं कारण त्याच्या धाग्याला दिलेला जबरदस्त पीळ. त्या पिळामुळे कापड रबरासारखं थोडं ताणलंही जातं. एका टोकाचे दोन धागे जाळून पाहिले: ते पेटण्याऐवजी आक्रसले, वितळले, काळा धूर निघाला आणि थंड झाल्यावर काळा कडक मणी राहिला. म्हणजे पॉलिस्टर. सुती पट्टीचे धागे कागदासारखे जळले आणि बोटाने दाबल्यावर राख मऊ झाली. सुती पट्टी सरळ घातली तर ती अठ्ठेचाळीस इंच असते. जॉर्जेटची सरळ घातली तर ती हाताच्या ओढीने आधीच ताणलेली असते आणि हात सुटताच ती स्वतःच्या मूळ लांबीला परत येते. उसवून, सैल सोडून मोजली तर ती पंचेचाळीस भरली.

आता काय करायचं, यावर त्या रात्री घरात बरंच बोलणं झालं. चुलत सासरे म्हणाले, बांबूची ताणपट्टी लावा, दोन्ही टोकांना खिळे असलेली, विणलेल्या भागाची रुंदी ती धरून ठेवेल. अशी पट्टी विणकर वापरतात आणि मीही लावायला सांगते. पण ती फक्त मागावर असेपर्यंत रुंदी धरते. पट्टीतच लांबी कमी असेल तर ताणपट्टी काढल्यावर किंवा पहिल्या धुण्याला सतरंजी आपली आत जाणार. आजार झाकला जातो, जात नाही. दुसरा मार्ग असा निघाला की इथून पुढे रुंदी हळूहळू वाढवत न्यायची आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा अरुंद करायची, म्हणजे ती मुद्दामच केल्यासारखी दिसेल. काकींना तो अजिबात आवडला नाही, मलाही नाही.

उरला एकच मार्ग, उसवायचा. पंधरा इंच, पंचाहत्तर ओळी. काकींची भीती अशी की प्रत्येक उसवण्यात पट्टीच्या कापलेल्या कडा सुटतात, दोरे निघतात, पट्टी बारीक होत जाते. ती रास्त होती. फणीने ठोकलेली पट्टी ओढून काढली तर कडेचे दोरे ताण्यात अडकतात. म्हणून ओढायचं नाही. ज्या पायपट्टीने ती ओळ घातली होती तीच दाबायची, ताण्याचं तोंड, म्हणजे वरच्या-खालच्या धाग्यांमधली फट, उघडायचं आणि पट्टी मोकळी उचलून घ्यायची, जशी घातली तशीच उलट. एका ओळीला साधारण तीन-चार मिनिटं लागली. पावसाच्या आवाजात आम्ही दोघींनी पाच तास उसवलं आणि एकही पट्टी फाटली नाही. सुरुवातीचे चांगले चार इंच जागेवर ठेवले. तुटलेल्या चार धाग्यांना नवे जोडले.

विणण्याआधी या वेळी नमुना केला, पण अरुंद. मागाच्या डाव्या बाजूच्या चौसष्ट धाग्यांवर, म्हणजे आठ इंच रुंदीवर, वीस ओळी. पट्टी लागली पाच मीटरपेक्षा कमी, आणि नमुना झाल्यावर तीही परत उचलून घेतली. नमुन्याला पूर्ण रुंदी लागत नाही, ही एवढी साधी गोष्ट मी शिकवताना ठासून सांगितली असती तर काकींना चाळीस मीटरची धास्ती वाटलीच नसती.

नमुन्यावर दोन गोष्टी ठरल्या. पहिली म्हणजे पट्टी घालण्याची पद्धत. पट्टी तोंडात टाकल्यावर ठोकायची घाई नाही. बोटाने तिचे छोटे डोंगर करायचे, ४८ इंचांत सहा, प्रत्येक डोंगर पावणेदोन इंचांच्या आतबाहेर उंच. मग फणी पुढे आणली की डोंगर खाली बसतात आणि ती जास्तीची लांबी वळणांत जाते. एकच मोठा डोंगर केला तर तो दहा इंच उंच करावा लागेल, तेवढी जागा तोंडात नसते, आणि मध्यावर सैलपणाची गाठोडी उठतात. कडेला वळताना हिसका द्यायचा नाही. कडेचे धागे दोन बोटांत धरून पट्टी फक्त वळवायची. जॉन के या इंग्रज संशोधकाने १७३३ मध्ये धावता धोटा, म्हणजे दोरी ओढली की बाणा घेऊन या कडेपासून त्या कडेला धावणारी नळी, काढला आणि कापड विणण्याचा वेग वाढवला, पण आमच्या या चिंध्यांच्या कामाला तो उपयोगी पडत नाही. इथे प्रत्येक ओळीची सैल हातालाच द्यावी लागते, आणि हात घाबरलेला असला की ती सैल आधी जाते.

दुसरं जॉर्जेटचं. सातांपैकी एकही वगळायची नव्हती. जॉर्जेटची पट्टी एकेका ओळीत पसरून घालावी, असं मला आधी वाटलं, पण एकट्या ओळीसुद्धा आत ओढत होत्या. मग काकींनी सुचवलं, आणि हे पूर्णपणे त्यांचं डोकं: जॉर्जेटची पट्टी मधून उभी कापून दीड इंचाची करायची, सुतीचीही तशीच करायची, आणि दोन्ही जोडीने एकाच ओळीत घालायच्या. सुती पट्टी लांबी ठरवते, जॉर्जेट तिच्या अंगाला चिकटून राहते. आठ इंचांच्या नमुन्यात कडा सरळ राहिल्या. शिवाय मोरपंखी आणि पिवळी एकत्र आल्यावर जो रंग दिसला तो दोन्ही साड्यांत नव्हता. कोवळ्या झावळीवर ऊन पडल्यावर दिसतो तसा काहीसा.

पुढचं काम शांतपणे झालं. दिवसाला नऊ-दहा इंच. मागाच्या बाजूच्या खांबावर काकींनी कोळशाने '४८ ला ५२' लिहून ठेवलं. दर सहा इंचांनी टेप लावून रुंदी वहीत टिपली, आणि ती सव्वासत्तेचाळीसच्या खाली एकदाही गेली नाही. ताणपट्टी म्हणून माणग्याची, म्हणजे बांबूची, कामटी दोन्ही टोकांना सुया लावून वापरली, पण आता ती मदतनीस होती. रात्री खिट्टी सैल, सकाळी आवळायची. कडेचा धागा पुन्हा तुटला नाही. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सतरंजी मागावरून उतरली.

झालरीला गाठी मारून झाल्यावर काकींनी उरलेली पट्टी वजनकाट्यावर ठेवली. दोनशे ऐंशी ग्रॅम, म्हणजे पन्नास मीटरच्या थोडं वर. मुळात हिशेबात जेवढी जास्तीची होती जवळजवळ तेवढीच. ज्या पट्टीसाठी जीव कासावीस केला ती सगळी शिल्लक होती. त्या बराच वेळ तो गुंडा हातात धरून बसल्या होत्या.

चतुर्थीला ताई आल्या. सतरंजी माजघरात पसरली. त्यांनी आधी काहीच म्हटलं नाही. खाली बसल्या आणि बोट फिरवत एकेक साडी ओळखत गेल्या: ही हळदीकुंकवाची, ही बाबांनी आणलेली, ही घरात नेसायची. मोरपंखीपाशी थांबल्या. ती पिवळीबरोबर मिसळली होती, तरी सापडली. उरलेला गुंडा काकींनी त्यांच्या हातात दिला, तो त्यांनी परत काकींकडेच ठेवला, देवापुढचं एक आसन करायला.

दिवाळीनंतर ताईंनी ती पहिल्यांदा धुतली आणि माझ्या सांगण्यावरून मोजून कळवलं. रुंदी साडेसेहेचाळीस, म्हणजे पाऊण इंच कमी. सुती सतरंजीला पहिल्या धुण्याला एवढं आकसणं मी धरलेलंच होतं. कडा सरळ. पांढऱ्यावर लाल उतरलेला नाही. फोटोत मला एकच खोट दिसली: जॉर्जेट आणि सुती जोडून घातलेल्या ओळी बाकीच्यांपेक्षा जराशा उंच उठल्या आहेत, कारण दोन पट्ट्या एकमेकींवर बसल्या की तीन इंचांच्या एका दुमडलेल्या पट्टीपेक्षा जाड होतात. अनवाणी पायाला ते कळतं, असं ताई म्हणाल्या, पण त्यांची तक्रार नव्हती.

काकींना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो मोठा करून बघितला, त्या ओळींवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "आसन करताना दीड नको. सव्वा इंचाची कापूया."